मोडलेलें चाक कोणीं नीट करावें?

गेल्या आषाढांत एका संध्याकाळीं पावसाच्या पाण्यानें तुडुंब भरलेला रस्त्यांतला खड्डा मला दिसला नाहीं, आणि माझ्या सायकलीचें पुढचें चाक त्यांत गेलें तें वांकडें होऊनच वर आलें. मला स्वतःला कांहीं लागलें नाहीं. परंतु घरीं आल्यावर जो वाद सुरू झाला त्याची दुखापत मात्र चांगली दोन दिवस पुरली. आमचे वडील मेहुणे त्या वेळीं मुक्कामाला होते. त्यांचें म्हणणें असें कीं, चाक सरळ करण्याची एक लहानशी चावी मिळते ती आणावी, ओसरीवर तासभर बसावें, आणि काम उरकावें. एवढ्याशा गोष्टीला दुकानदारापुढें पैसे मोजणें ही निव्वळ आळसाची खूण आहे. घरांतून उत्तर आलें तें असें : ज्याचें काम त्यानें करावें, मिस्त्र्याला अर्ध्या तासांत जें जमेल त्यासाठीं सबंध रविवार सकाळ आणि सारवलेली ओसरी कशाला खर्चीं घालायची?

मी दोघांच्याहि बाजूचा नव्हतों. माझी खोडच अशी कीं, हाताला काम आलें म्हणजे माझा हात पुस्तकाकडे जातो. मेहुण्यांनीं चावी आणून दिली ती खिशांत टाकून मी प्रथम सायकलीच्या चाकाचा इतिहास चाळूं लागलों, आणि माझ्या ध्यानांत आलें कीं, आमच्या घरांतल्या वादांत दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट न बोलतां गृहीत धरली होती : हा प्रश्न वेळाचा आणि पैशाचा आहे. इतिहास तसें सांगत नाहीं. मोडलेलें चाक कोणीं नीट करावें ह्या प्रश्नापायीं नवे शोध लागले, कारखाने उभे राहिले, आणि चांगलीं धट्टींकट्टीं माणसें रस्त्याच्या कडेला बसून रडलीं.

चाक मोडणें ही गोष्ट जुनीच. परंतु ‘स्वतः करावें कीं दुकानांत द्यावें’ हा विकल्प बराच अलीकडचा आहे. आपल्याकडील बैलगाडीच्या चाकाला तो नव्हता. तुंबा, आरे आणि त्यांभोंवतीची लांकडी कडा सुतारानें घडवावयाची, आणि लाल होईतों तापविलेली लोखंडी धांव लोहारानें वर चढवून तिच्यावर पाणी ओतावयाचें, म्हणजे ती आकसून सगळें चाक आवळून धरी. शेतकरी हें काम स्वतः करीत नसे, आणि प्रत्येक वेळीं त्याचे रोख पैसेहि देत नसे. सुगीच्या वेळीं खळ्यावर सुताराचें व लोहाराचें बलुतें ठरलेलें असे, आणि वर्षभर मोडेल तें नीट करून देणें हें त्यांचें काम असे. आपण ‘स्वतः’ आणि ‘दुकान’ असे दोनच मार्ग कल्पितों तेव्हां हा तिसरा मार्ग आपल्याच गांवांत शतकानुशतकें वाहता होता हें विसरतों. मात्र त्यांत सुताराला नाहीं म्हणण्याची फारशी मुभा नसे, आणि शेतकऱ्याला दुसरा सुतार निवडण्याचीहि नसे.

युरोपांतील पहिल्या पायडलच्या सायकली १८६० नंतरच्या दशकांत पॅरिस येथें मिशो यांच्या कारखान्यांतून निघूं लागल्या, त्यांचीं चाकें ह्याच जातीचीं होतीं : लांकडी आरे आणि वर लोखंडी धांव. दगडी रस्त्यावर बसणाऱ्याचीं हाडें अशीं खिळखिळीं होत कीं, इंग्रजांनीं त्या वाहनाला तेंच नांव देऊन टाकलें. ती गाडी मोडली म्हणजे गांवचा लोहार तिला गाडीचेंच एक विचित्र पोर समजून हातोडा उचली, आणि बहुधा तो ती नीटहि करी.

बदल घडला तो तारांनीं. १८०८ सालीं जॉर्ज केली नांवाच्या इंग्रज गृहस्थानें, उडत्या यंत्राला हलकें चाक हवें म्हणून, ताणलेल्या दोऱ्यांच्या चाकाची कल्पना कागदावर मांडून ठेवली होती. सायकलीसाठीं तारेचें चाक पॅरिसमध्यें यूजीन मेयर यानें १८६९ सालीं प्रत्यक्षांत आणलें. आणि १८७४ सालीं कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यानें तारा तुंब्यापासून सरळ न काढतां तिरप्या, एकमेकींना छेदून लावण्याची रीत काढली. आज आपल्या दारांत उभ्या असलेल्या सायकलीचें चाक बहुतांशीं तेंच आहे.

ह्या चाकाचें मर्म थोडें सांगितलें पाहिजे, कारण पुढील सगळी हकीकत त्यावर उभी आहे. लांकडी आरा भार पेलतो तो खांबासारखा. तारेला तें शक्य नाहीं. तिच्यावर दाब आला कीं ती लवते. म्हणून सगळ्या तारा आधींच ताणून ठेवाव्या लागतात. भार आला कीं खालच्या तारांचा ताण कांहींसा उतरतो, पण संपत नाहीं, आणि चाक उभें राहतें. जुन्या विलायती धर्तीच्या सायकलींत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात. तुंब्याच्या डाव्या अंगाच्या तारा रिमेला डावीकडे ओढीत असतात, उजव्या अंगाच्या उजवीकडे. ह्या अखंड रस्सीखेचींत जोंवर कोणताच पक्ष जिंकत नाहीं तोंवर चाक सरळ. म्हणजे आपण ज्याला धड चाक म्हणतों तें खरें पाहतां एक सांवरून धरलेलें भांडण आहे.

आतां अशा चाकाचा एक मोठा गुण असा कीं, तें मोडलें तरी सगळें मोडत नाहीं. एक तार तुटली तर एक तार घालतां येते. रिम एका जागीं डावीकडे कलली तर त्या जागच्या डाव्या तारा पाव फेरा सैल कराव्या, उजव्या पाव फेरा आवळाव्या, चाक फिरवून पहावें, आणि पुन्हा तेंच करावें. आपल्याकडचे कारागीर ह्याला ‘आउट काढणें’ म्हणतात. हत्यार एकच, आणि तेंहि खिशांत मावणारें. सुताराची पटाशी किंवा लोहाराची ऐरण घरीं ठेवण्याचा विचार कोणी गृहस्थ करीत नाहीं. ही चावी मात्र कोणालाहि घेतां येते. ह्यामुळें चाकाच्या इतिहासांत प्रथमच असा भास उत्पन्न झाला कीं, आपलें चाक आपल्यालाच नीट करतां येईल. भास म्हणतों तो अशासाठीं कीं, एक तार आवळली म्हणजे आजूबाजूच्या साऱ्या तारांचा ताण थोडाथोडा बदलतो. आणि रिमेचा धातूच वांकला असेल तर तारा कितीहि ओढल्या तरी तो वांक जात नाहीं. चावी चार आण्यांची असली तरी हाताला लागणारा अंदाज चार आण्यांत मिळत नाहीं.

तारांचें असें, परंतु तारांवर बसणाऱ्या टायराची गोष्ट वेगळी झाली, आणि ती अधिक मनोरंजक आहे. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डन्लॉप या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेनें भरलेली रबराची नळी चाकाला बसविली. हाडें वांचलीं, पण ही नळी कापडांत गुंडाळून रिमेला डिंकवलेली असल्यामुळें तिला भोंक पडलें कीं सगळा डोलारा सोलून काढावा लागे. मिशेलिन कंपनींत एक कथा परंपरेनें सांगितली जाते. १८८९ सालीं फ्रान्समधील क्लेर्मों-फेराँ येथील त्यांच्या रबराच्या कारखान्याच्या दारांत एक सायकलस्वार पंक्चर झालेली डन्लॉपची सायकल घेऊन आला. दुरुस्तीला तीन तास लागले आणि डिंक सुकण्याला रात्र. सकाळीं कारखान्याचे मालक एदुआर मिशेलिन, जे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी, हौसेनें त्या सायकलीवर बसले, आणि थोडे पुढें जातात तोंच टायर पुन्हा बसला. त्यांनीं त्यावरून दोन अनुमानें काढलीं : हवेचा टायर हीच पुढची वाट आहे, आणि जो टायर कारागिराशिवाय पाव तासांत दुरुस्त होत नाहीं तो निरुपयोगी आहे.

हीं अनुमानें एका कारखानदाराचीं होतीं हें विशेष. दुरुस्ती अवघड ठेवून तिच्यावर पैसा मिळविण्याची युक्ति त्याला सुचली नाहीं असें नव्हे. ती त्याला तोट्याची वाटली. १८९१ सालीं मिशेलिन यांनीं रिमेवरून सुटा करतां येणारा टायर काढला. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत येण्याची सुमारें १२०० किलोमीटरांची शर्यत झाली. ती शार्ल तेरों यानें ह्याच टायरांवर सुमारें ७१ तासांत जिंकली, आणि डन्लॉपचे टायर वापरणारा प्रतिस्पर्धी त्याच्यामागें कित्येक तासांनीं पोंचला. पुढच्या वर्षीं कंपनीनें पॅरिस ते क्लेर्मों-फेराँ अशी स्वतःची शर्यत भरविली, आणि वाटेंत नेव्हेर शहराजवळ रस्त्यावर मुद्दाम खिळे पसरले. सर्वांचे टायर फुटावेत आणि सर्वांनीं ते स्वतः चटकन नीट करून दाखवावेत, हाच त्यांतला हेतु. जाहिरातीच्या इतिहासांत इतका प्रामाणिक दुष्टपणा क्वचितच सांपडेल.

आज आपल्या घरांतला दहा-बारा वर्षांचा मुलगा टायर उचकटतो, ट्यूब पाण्याच्या परातींत बुडवून बुडबुडे पाहतो, पॉलिश कागदानें जागा घांसून सोल्यूशन लावतो आणि ठिगळ चिकटवतो, त्याच्या मुळाशीं हा कारखानदाराचा निश्चय आहे. ही दुरुस्ती सोपी झाली ती आपोआप नव्हे. कोणी तरी ती सोपी करावयाची असें ठरविलें म्हणून. ‘स्वतः करावें कीं नाहीं’ हा प्रश्न वस्तु हातीं येण्याआधींच पुष्कळदा कारखान्यांत ठरून गेलेला असतो, हें आमच्या मेहुण्यांनीं आणि घरच्यांनीं दोघांनींहि लक्षांत घ्यावयास हवें होतें.

त्याच दशकांत अमेरिकेंत मारिया वॉर्ड नांवाच्या बाईंनीं स्त्रियांसाठीं सायकलीवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. तें १८९६ सालचें. त्यांत बसावें कसें एवढेंच सांगून त्या थांबल्या नाहींत. हत्यारें कोणतीं, पेंच कसे काढावे, टायर कसा नीट करावा हेंहि त्यांनीं चित्रांसह सांगितलें. सुई-कात्री जिच्या हातांत खेळते तिला पान्हा जड कां जावा, हा त्यांचा मुद्दा. ज्या काळीं एकट्या स्त्रीनें घराबाहेर दूर जाणें हेंच आक्षेपार्ह होतें त्या काळीं ह्या मुद्द्याला वजन होतें. वाटेंत टायर बसला असतां जिला कोणाची तरी वाट पहावी लागते तिचें दूर जाणें त्या ‘कोणाच्या तरी’ मर्जीवर राहतें. घरीं दुरुस्ती करण्याच्या बाजूनें आजवर झालेल्या युक्तिवादांत मला हा सर्वांत बळकट वाटतो, आणि त्यांत काटकसरीचा एक शब्दहि नाहीं.

दुकानाची बाजूहि कांहीं हलकी नव्हती. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधु यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें लहानसें दुकान काढलें. सायकल तेव्हां साताशें रुपयांच्या घरांत पडे आणि ती बसावयास शिकविण्याचे पंधरा रुपये घेत, असें सांगतात. पुढें नांगर आणि पंप घडविणारी किर्लोस्करवाडी १९१० सालीं उभी राहिली, तिची पहिली पायरी ह्या दुकानाची होती. अमेरिकेंत डेटन गांवीं राइट बंधूंनीं १८९२ सालीं सायकलींच्या विक्रीचा व दुरुस्तीचा धंदा सुरू केला. त्यांच्या विमानाचा खर्च त्याच धंद्यानें पुरविला. ऑक्सफर्डमध्यें विल्यम मॉरिस या सोळा वर्षांच्या मुलानें चार पौंडांच्या भांडवलावर १८९३ सालीं सायकल-दुरुस्ती आरंभिली, त्यांतून मॉरिस मोटारींचा कारखाना निघाला. गिऱ्हाइकांनीं सगळीं चाकें घरींच नीट केलीं असतीं तर हीं मंडळी कोठें शिकलीं असतीं?

येथवर सगळें सुरळीत आहे. ज्याला जमेल त्यानें करावें, ज्याला नाहीं त्यानें द्यावें. परंतु ह्यानंतर फ्रान्समध्यें एक असा प्रकार झाला कीं, ‘स्वतः करतां येतें’ ह्याचें ‘स्वतः केलेंच पाहिजे’ असें झालें. आणि मोडक्या चाकाच्या इतिहासांतलीं अत्यंत दुःखद पानें तेथें लिहिलीं गेलीं.

‘लोतो’ नांवाच्या क्रीडाविषयक दैनिकाचे संपादक आंरी देग्रांज यांनीं १९०३ सालीं ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षीं सहा टप्प्यांत २४२८ किलोमीटर. देग्रांज स्वतः कसलेले स्वार होते. त्यांचा आग्रह असा कीं, शर्यत माणसांची व्हावी, कारखान्यांची होऊं नये. धनाढ्य सायकल-कंपन्या वाटेवर कोसाकोसाला आपले मिस्त्री बसवितील आणि मग ज्याच्या मागें पैसा तोच जिंकेल, ही त्यांची भीति खोटी नव्हती. तेव्हां मोडेल तें स्वारानें आपल्या हातानें नीट करावें, दुसऱ्या कोणाचीहि मदत घेऊं नये, असा नियम झाला. नियमाच्या पोटांत न्यायबुद्धि होती हें मान्य केलेंच पाहिजे. ती कोठें जाऊन पोंचली तें पाहण्यासारखें आहे.

१९१३ सालच्या जुलै महिन्याची ९ तारीख. बायोनहून लुशोंपर्यंत ३२६ किलोमीटरांचा डोंगरी टप्पा होता. यूजीन क्रिस्तोफ हा स्वार सर्वांत पुढें असणाऱ्या मोजक्या लोकांत होता आणि ती शर्यत तो जिंकील असें पुष्कळांस वाटत होतें. २११५ मीटर उंचीचा तूरमाले घांट चढून तो उतरूं लागला, आणि पुढचें चाक ज्यांत बसतें तो चिमटाच मोडला. मागून येणारे स्वार एकामागून एक निघून गेले. क्रिस्तोफनें सायकल खांद्यावर टाकली, चाक हातांत घेतलें, आणि तो तीन-चार कोस डोंगर उतरत सेंत-मारी-द-कांपां ह्या खेड्यांत आला. तेथें एका लोहाराचें दुकान होतें. लोहार दारांतच होता. हें काम म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा मळ. पण त्याला हात लावण्याची बंदी! त्यानें तोंडानें सांगावें, क्रिस्तोफनें करावें, आणि शर्यतीचे अधिकारी व प्रतिस्पर्धी कंपन्यांचे माणसें भोंवतीं उभे राहून पहारा करावा, असा तो देखावा.

क्रिस्तोफ मूळचा कुलपें घडविण्याच्या धंद्यांत शिकलेला म्हणूनच ही गोष्ट मुळांत शक्य झाली. त्यानें लोखंडाचा तुकडा घेऊन तापविला, ठोकला, घांसला आणि चिमटा जोडला. तीनएक तास गेले. एका हातानें सांडशी, दुसऱ्यानें हातोडा; भाता कोण ओढणार? दुकानांत सात वर्षांचा एक पोरगा होता, त्यानें भाता ओढला. एवढ्या मदतीबद्दल पंचांनीं क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड ठोठावला. पुढें तो कमी करून तीन मिनिटांवर आणला. मध्यें पहारेकऱ्यांपैकीं एकाला भूक लागली आणि खाण्यासाठीं बाहेर जाऊं कां असें तो विचारूं लागला, तेव्हां भट्टींतले कोळसे खा असें क्रिस्तोफनें त्याला सुनावल्याचें सांगतात. तो लुशोंला पोंचला तेव्हां जवळजवळ चार तास मागें पडला होता. त्या वर्षीं बेल्जियमचा फिलिप थिस जिंकला. क्रिस्तोफ सातवा आला.

ही कथा फ्रान्समध्यें स्वावलंबनाचा धडा म्हणून वर्षानुवर्षें सांगितली गेली. त्या खेड्यांत तिची स्मरणशिला आहे. मला मात्र ती वाचतांना क्रिस्तोफपेक्षां त्या लोहाराचेंच अधिक वाटत राहिलें. आपल्या ऐरणीवर, आपल्या हत्यारांनीं, समोरचा दमलेला माणूस आपलें काम कष्टानें करीत आहे, आणि आपण, ज्याला तें काम अर्ध्या वेळांत येतें, हात बांधून उभे! नियम करणाऱ्यांनीं एका माणसाचें स्वावलंबन पाहिलें. दुसऱ्याच्या कसबाचा जो अपमान झाला तो त्यांना दिसला नाहीं. बरें, क्रिस्तोफचा ग्रह असा वाईट कीं, १९१९ सालीं, ज्या वर्षीं आघाडीच्या स्वाराला पिवळा सदरा देण्याची चाल पडली आणि तो सदरा प्रथम त्याच्याच अंगावर चढला, त्या वर्षीं अखेरच्या टप्प्यांपैकीं एका टप्प्यांत बेल्जियमच्या सरहद्दीजवळ त्याचा चिमटा पुन्हा मोडला. पुन्हा स्वतःच्या हातानें जोडणें, पुन्हा विजय गेला. तिसऱ्यांदा तो मोडला १९२२ सालीं, गालिबिए घांटांत.

खुद्द चाकाची गोष्ट ह्याहून विलक्षण आहे. १९२१ सालीं बेल्जियमचा लेओं स्यूर ही शर्यत जिंकण्याच्या बेतांत असतां शेवटून दुसऱ्या टप्प्यांत त्याच्या चाकाच्या एकदम अकरा तारा तुटल्या. वाचकांनीं वर सांगितलेली रस्सीखेच आठवावी. अकरा गडी एकदम गळाले म्हणजे काय होईल तें सांगावयास नको. तोंवर नियम एवढा सैल झाला होता कीं, दुरुस्त होण्यापलीकडे गेलेला भाग बदलतां यावा. पण तो खरोखरच दुरुस्त होण्यापलीकडे गेला आहे अशी पंचाची खात्री पटली पाहिजे. जवळपास पंच नव्हता. स्यूरनें दुसरें चाक बसविलें, आणि पुरावा म्हणून मोडकें चाक पाठीवर बांधून तो सुमारें ३०० किलोमीटर सायकल चालवीत गेला. चाकाच्या दांतेरी चक्राचे वळ त्याच्या पाठीवर पुढें कित्येक वर्षें होते. तो जिंकला. ह्याच स्यूरबद्दल दोन वर्षांपूर्वींची एक गोष्ट सांगतात कीं, पावसांत टायर शिवतांना त्याचीं बोटें थंडीनें इतकीं बधिर झालीं कीं सुईंत दोरा जाईना. एका म्हातारीनें ती ओंवून देण्यासाठीं हात पुढें केला, तेव्हां अधिकाऱ्यानें दंडाची आठवण देऊन तिला थांबविलें. मारिया वॉर्डबाईंनीं ज्या सुईच्या आधारानें स्वातंत्र्याचा युक्तिवाद केला त्याच सुईची ही दुसरी बाजू.

कोणी म्हणेल, निर्जन प्रदेशांत जाणाऱ्याला ह्याहून अधिक सोसावें लागतें. खरें आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, आणि त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ सालीं प्रदक्षिणा पुरी करून परतले. वाळवंटांत जेथें दुकान नाहीं तेथें आपला हात हाच मिस्त्री; त्यांत तक्रार कोणाविरुद्ध करावयाची? परंतु फ्रान्सच्या त्या रस्त्यांवर दुकानें होतीं, लोहार होते, म्हाताऱ्या होत्या. वाळवंट नियमानें निर्माण केलेलें होतें. गरजेनें येणारें स्वावलंबन माणसाला मोठें करतें. दुसऱ्यानें टेबलाशीं बसून लादलेलें स्वावलंबन ही एक तऱ्हेची वेठच आहे. १९२४ सालीं आंरी पेलिसिए हा मागील वर्षाचा विजेता, एका सदऱ्यावरून—सकाळीं अंगांत घातलेला सदरा वाटेंत काढून टाकतां येत नाहीं अशा नियमावरून—भावासह शर्यत सोडून गेला, आणि आल्बेर लोंद्र ह्या वार्ताहरानें त्याची मुलाखत छापली, तेव्हां स्वारांना रस्त्यावरचे सक्तमजुरीचे कैदी म्हणण्याची चाल पडली ती कांहीं उगीच नव्हे.

पुढें नियम ढिले होत गेले. १९३० पासून कंपन्यांऐवजीं राष्ट्रांचे संघ आले, सायकली शर्यतीच्या चालकांनींच पुरविल्या, आणि एका संघांतील स्वारांनीं एकमेकांना मदत करण्याची वाट मोकळी झाली. मोडक्या चाकाला आतां चौथा मार्ग मिळाला : स्वतः नको, दुकान नको, सोबत्याचें चाक घ्यावें. तोहि फुकट मिळाला नाहीं. १९३४ सालीं फ्रान्सच्या संघाचा नायक आंतोनँ मान्य आघाडीवर असतां पिरेनीज पर्वताच्या एका उतारावर त्याचें चाक मोडलें. संघांतील वीस वर्षांचा रने व्हिएतो, जो डोंगर चढण्यांत सर्वांना भारी होता, त्यानें आपलें पुढचें चाक काढून त्याला दिलें, आणि आपल्यासाठीं चाक घेऊन येणाऱ्या गाडीची वाट पाहत तो रस्त्याकडच्या दगडी भिंतीवर बसून राहिला. तेथें रडत बसलेल्या त्या मुलाचें छायाचित्र पुढें साऱ्या फ्रान्सच्या ओळखीचें झालें. दुसऱ्या दिवशीं मान्य पुन्हा अडला, आणि पुढें गेलेला व्हिएतो मागें वळून घांट उलटा चढून आला. मान्य जिंकला, व्हिएतो पांचवा आला. दुरुस्तीची किंमत ह्या वेळीं पैशानें किंवा वेळानें नव्हे, तर एका तरुणाच्या संधीनें चुकती झाली.

चाक असें चटकन काढून देतां यावें ह्याचीहि एक हकीकत आहे. इटलींतील तूल्यो कांपान्योलो हा १९२७ सालीं क्रोचे दाउने ह्या बर्फाळ घांटांत शर्यत खेळत असतां चाकाची मळसूत्री त्याला गोठलेल्या बोटांनीं फिरवितां येईना, असें सांगतात. त्यावरून दांडी उलटवितांच चाक सुटेल अशी कळ त्यानें बसविली, आणि १९३० सालीं तिचा हक्क नोंदविला. मिशेलिन यांची जी दृष्टि तीच येथें : माणसाला अधिक सोशिक करण्यापेक्षां वस्तु अधिक समंजस करावी. देग्रांज यांनीं नेमकें उलटें केलें होतें.

एवढें वाचून झाल्यावर रविवार उजाडला. मेहुण्यांच्या देखत मीं ओसरीवर सायकल उलटी केली आणि चावी हातांत घेतली. कोणाचा पहारा नव्हता, दंड नव्हता. तेव्हां उत्साह चांगला होता. पहिला अर्धा तास चाक खरोखरच सुधारत आहे असें वाटलें. मग जेथें कलत होतें तेथील तार मीं आवळली, दुसरीकडे कललें म्हणून तेथीलहि आवळली, आणि असें करतां करतां दुपारपर्यंत चाकाला भाजलेल्या उडदाच्या पापडाचा आकार आला. मेहुणे मध्येंच उठून वर्तमानपत्र वाचावयास गेले होते. घरांतून कोणी कांहीं बोललें नाहीं, आणि तेंच अधिक लागलें.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्र्याकडे गेलों. त्यानें चाक काढून लांकडी चौकटींत अडकविलें, एकदां फिरविलें, आणि हंसूं न देतां विचारलें, “काका, घरीं चावी लावली होती काय?” मीं होय म्हटलें. “नुसत्या आवळीत गेलांत. सोडायच्या पण असतात.” असें म्हणून त्यानें प्रथम सगळ्या तारा सैल करून टाकल्या. माझी एका दिवसाची कमाई अशी दोन मिनिटांत गेली. नंतर तो एकेक तार नखानें वाजवून तिचा आवाज ऐके आणि चावी इतकी थोडी फिरवी कीं, फिरविली कीं नाहीं तें मला कळेना. मीं विचारलें तेव्हां त्यानें माझें बोट दोन तारांवर ठेवलें आणि त्या दाबून दाखविल्या. एक बसली होती, एक नव्हती, आणि तो फरक मला पहिल्यांदा समजला. किती वर्षें हें करतां असें विचारतां, लहानपणीं बापाच्या दुकानांत पंप मारण्यापासून आरंभ झाला, असें तो म्हणाला.

पैसे त्यानें घेतले ते मी दिलेल्या त्रासाच्या मानानें थोडेच होते. रिम मुळांतच जरा वांकली आहे, नवी घालायची तर घाला, नाहीं तर चालेल, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. मीं नवी घातली नाहीं. पंक्चर अजून मी घरींच काढतों; तारांना हात लावीत नाहीं. चावी खिळ्याला टांगलेली आहे, आणि प्रत्येक फेऱ्याला एकदां चाक ब्रेकला किंचित् घांसतें, तें आतां माझ्या कानाला संवयीचें झालें आहे.